सिंकखालच्या आरओचा मेंब्रेन दर चार महिन्यांनी चोक होतोय? आधी कचऱ्याच्या डब्यामागची नळी बघा

लातुरात आमच्या घरी आरओ आधी भिंतीवर टांगलेला होता. बोअरचं खारं पाणी, मीटरवर १२४० टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), तरी पहिला मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा, दीड वर्ष टिकला. मग स्वयंपाकघराचं काम काढलं. ओट्याखाली ट्रॉल्या बसल्या, भिंत मोकळी दिसावी म्हणून यंत्र सिंकखाली गेलं, शेजारी गोल प्रेशर टाकी आली आणि ओट्यावर बगळ्याच्या मानेसारखा बारका नळ उभा राहिला. दिसायला एकदम झकास. त्यानंतरच्या एका वर्षात मी तीन मेंब्रेन बदलले.

लक्षण दर वेळी तेच. पहिले दोन-तीन महिने काही नाही. मग धार हळूहळू बारीक होत जायची. आई तांब्या नळाखाली लावून अंगणात फुलं तोडायला जायची, परत आली तरी तांब्या अर्धाच. शुद्ध पाण्याचा टीडीएस साठ-सत्तर असायचा, तो दोनशेच्या वर गेलेला. मेकॅनिक यायचा, हाउसिंग उघडून मेंब्रेन हातात द्यायचा. टोकाला पांढरा, बोट फिरवलं तर बारीक वाळूसारखा खरखरीत. "दादा, तुमचं पाणीच लई जड आहे, त्याला कोण काय करणार?" नवा मेंब्रेन, पैसे, चहा, राम राम.

पाणी जड आहे हे खोटं नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर बसलाय, बोअरला लागतं ते पाणी त्या खडकाच्या भेगांमधून वर्षानुवर्षं मुरत आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन. आमच्या बोअरचा कठीणपणा प्रयोगशाळेत लिटरला ६४० मिलिग्रॅम निघाला. भारतीय मानक १०५०० प्रमाणे २०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या. म्हणजे आम्ही चालवून घेण्याच्याही पुढे. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, हे आमच्याकडे लहानपणापासूनचं आहे. पण माझं डोकं एका ठिकाणी अडलं होतं. हेच पाणी, हेच यंत्र, भिंतीवर होतं तेव्हा दीड वर्ष चाललं. सिंकखाली गेल्यावर त्याला काय झालं?

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे पहिला संशय अर्थातच पंपावर. आरओच्या पंपाला २४ व्होल्ट डीसी लागतात. अ‍ॅडॉप्टर नुसता मोजला तर २४ दाखवतो आणि पंपाचा लोड आला की १७-१८ वर बसतो, असे कितीतरी माझ्या टेबलावर येऊन गेलेत. म्हणून मोजायचं ते पंप चालू ठेवून. माझा २३.६ निघाला. पंप ठणठणीत. एक आठवडा मी त्यात घालवला, तो तुम्ही घालवू नका. खालच्या क्रमाने गेलात तर अर्ध्या तासात कळेल दुखणं कुठे आहे.

आधी टाकी उचलून बघा

धार बारीक झाली की लोक थेट मेंब्रेनवर जातात. त्याआधी सिंकखालच्या त्या गोल टाकीला हाताने जरा उचला. नावाला बारा लिटरची असली तरी तिच्यात पाणी मावतं आठेक लिटर, कारण आत रबरी फुगा आणि फुग्याबाहेर हवा असते. ही हवाच पाणी नळाकडे ढकलते. टाकी जड लागली आणि तरी नळाला करंगळीएवढी धार, तर मेंब्रेनचा काही दोष नाही, टाकीतली हवा गेलीय. टाकीच्या बुडाशी किंवा बाजूला निळी टोपी असते, तिच्याखाली मोटारसायकलच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह. यंत्र बंद करून, ओट्यावरचा नळ उघडा ठेवून टाकी पूर्ण रिकामी करायची आणि मग सायकलच्या पंपाने ५ ते ७ पीएसआय हवा भरायची. उत्साहाने वीस भरलीत तर टाकीत पाणीच कमी मावेल. आणि व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी उडालं, तर फुगा फाटलाय. टाकी बदलण्याला पर्याय नाही.

टाकी हलकी लागली तर पाणी तयारच होत नाही. मग पंपात शिरणारी नळी काढून बादलीत धरा. मिनिटाला लिटरभर तरी पाणी यायला हवं. नाही आलं तर स्पन (गाळ अडवणारा पहिला फिल्टर) आणि कार्बन फिल्टर गाळाने भरलेत, किंवा नळाजवळचा छोटा कॉक अर्धवट बंद आहे. टँकरचं पाणी टाकीत पडलं की स्पन पंधरा दिवसांत चहाच्या गाळणीसारखा होतो, हे उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं रोजचं गाणं.

या दोन्ही ठिकाणी माझं सगळं ठीक होतं. टाकी हलकी, आत येणारं पाणी भरपूर, पंपाला वीज पूर्ण. म्हणजे मेंब्रेन खरंच चोक होत होता. मेकॅनिकचं निदान बरोबर होतं, फक्त तो एक प्रश्न आधीच थांबत होता.

बादली भरत नाही, म्हणून आम्ही खूश

वेस्टची, म्हणजे यंत्र टाकून देतं त्या खाऱ्या पाण्याची, नळी आम्ही भिंतीला भोक पाडून मागच्या मोरीत काढलीय. खाली वीस लिटरची बादली. रात्री टाकी पुन्हा भरते तेवढ्यात बादली भरायची, सकाळी त्यात फरशी पुसून व्हायची. तिसरा मेंब्रेन बसवून दोन आठवडे झाले असतील. सौ. फडकं पिळता पिळता म्हणाली, "अहो, हल्ली ही बादली भरतच नाही बघा. पाव होते, बस."

मी म्हणालो, "बरंय की. पाणी वाचायलंय."

बोललो आणि माझाच मी चमकलो. आम्ही प्यायला-स्वयंपाकाला पाणी तेवढंच घेतोय. आरओ जेवढं शुद्ध पाणी देतो त्याच्या पटीत वेस्ट सोडतो. मग वेस्ट चौथाईवर कसं आलं?

दुसऱ्या दिवशी एक लिटरचं मापाचं भांडं घेऊन मोरीत बसलो, मोबाइलवर घड्याळ लावलं. एक लिटर वेस्ट भरायला ११ मिनिटं लागली. शुद्ध पाण्याची नळी टाकीआधी सोडवून मोजली, तर तिकडे लिटरला ६ मिनिटं. शुद्ध जास्त आणि वेस्ट कमी! माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून आनंद व्हावा, पण पोटात गोळा आला. पेनासारखा मीटर वेस्टच्या पाण्यात बुडवला: ३३८०.

मग सौ.ला मोरीत उभं केलं आणि मी सिंकखाली बघायला गेलो. ट्रॉली ओढली, कचऱ्याचा डबा बाहेर काढला, आणि मोरीतून हाक आली, "अहो, धार वाढली!" डबा आत ढकलला. "गेली." काढला. "आली." चार वेळा केलं. डब्याच्या मागे, सिंकच्या ट्रॅपवरून (सिंकखालच्या वाकड्या पाइपवरून) वेस्टची पांढरी पाव इंची नळी आडवी गेली होती, आणि डबा पूर्ण आत गेला की ती ट्रॅपवर दाबून चिमटली जायची. नळीवर वळीचा पांढरा डाग उमटला होता.

मेकॅनिक तीनदा येऊन गेला आणि त्याला हे दिसलं नाही, यात त्याची चूक धरता येत नाही. यंत्राला हात लावायचा तर आधी डबा बाहेर काढावाच लागतो. डबा काढला की नळी सरळ. त्याच्यासमोर वेस्ट व्यवस्थित वाहायचं, तो गेला की डबा आत.

पण गोष्ट इथे संपली नाही. डबा बाहेर असतानाही एक लिटर वेस्टला पाच मिनिटं लागत होती. भिंतीवर असताना धार याहून बरीच मोठी होती. वेस्टच्या नळीत बोटभर लांबीचा एक तुकडा असतो, त्याला मेकॅनिक लोक एफआर म्हणतात, फ्लो रिस्ट्रिक्टर. त्याच्यावर आकडा छापलेला असतो, मिनिटाला किती मिली वेस्ट सोडायचं त्याचा. माझ्या एफआरवर २०० होता. मग आठवलं. यंत्र भिंतीवरून खाली हलवताना तो पोरगा म्हणाला होता, "दादा, वेस्ट लई जायलंय, कमी करून देऊ का?" मी दुसऱ्या क्षणाला हो म्हटलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्याने काढलेत तो याला नाही कसं म्हणेल? जुना एफआर खोक्यात पडला होता. त्यावर ४५०.

वेस्ट कमी केलं की क्षार जातात कुठे

यात गुंतागुंत काही नाही, नुसता भागाकार आहे. मेंब्रेन पाणी पुढे सोडतो आणि क्षार मागे ठेवतो. मागे राहिलेल्या क्षारांना बाहेर काढायला वेस्टचं पाणीच लागतं, दुसरी वाट नाही. शंभर लिटर आत गेले, पंचवीस शुद्ध निघाले, पंचाहत्तर वेस्ट. म्हणजे शंभरांतले क्षार पंचाहत्तरात आले. माझं १२४० चं पाणी साधारण १६५० होतं. अर्धं-अर्धं केलं तर २४८०. माझ्याकडे डबा आत असताना शुद्ध ६५ टक्के निघत होतं, तेव्हा हिशोबाने ३५०० च्या आसपास. मीटरने ३३८० दाखवलं कारण थोडे क्षार मेंब्रेन ओलांडून शुद्ध पाण्यातही येतात.

इतक्या घट्ट पाण्यात कॅल्शियम विरघळून राहत नाही. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो तोच मेंब्रेनच्या पापुद्र्यांवर धरतो. जुना एक मेंब्रेन मी हॅकसॉने कापून उलगडला. आत तो गुंडाळलेल्या कागदासारखा असतो. पाणी शिरतं त्या टोकाला पापुद्रे फिक्या चहाच्या रंगाचे, आणि वेस्ट निघतं त्या टोकाकडे जाताना पांढरेफटक, नखाने खरवडले तर चुरा पडावा असे. पाणी जसजसं पुढे सरकतं तसतसं घट्ट होतं, म्हणून शेवटचं टोक आधी मरतं. तो तुकडा हातात घेतल्यावर मला समजलं की वाचवलेल्या प्रत्येक बादलीची किंमत मी मेंब्रेनच्या दुकानात मोजत होतो.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली पाचशेच्या आत टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणायला आणि जिथे आरओ लागतो तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात येईल हे बघायला केंद्र सरकारला सांगितलं होतं. त्यामागची तळमळ मला पूर्ण मान्य आहे. पण ते साठ टक्के गाठायचे तर तसं यंत्र, आधी पाणी मऊ करणारी सोय किंवा थर धरू न देणारं रसायन लागतं. एफआर बदलून आणि नळी चिमटून साठ टक्के गाठले की काय होतं ते मी वर्षभर बघितलंय.

दुरुस्ती

जुना ४५० चा एफआर परत घातला नाही, नवा आणला. आतून त्यालाही क्षार धरतो. दर मेंब्रेनबरोबर एफआर बदलायचा, किरकोळ पैशांची वस्तू आहे. त्याच्यावर बाण असतो, तो वेस्ट जाण्याच्या दिशेला. माझा मेंब्रेन ७५ जीपीडीचा, म्हणजे कागदावर दिवसाला २८४ लिटर, मिनिटाला दोनशे मिलीच्या आत-बाहेर. अशा मेंब्रेनला १२४० च्या पाण्यावर ४५० मला योग्य वाटला. तुमचं पाणी सहाशेच्या आत असेल तर ३०० वर भागेल. पण छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, भांडं आणि घड्याळ घेऊन मोजा. मोजताना ट्रॉली बंद आणि डबा आत, म्हणजे घर जसं रोज असतं तसं.

बदलल्यावर: वेस्ट लिटरला २ मिनिटं २० सेकंद, शुद्ध लिटरला ६ मिनिटं. वेस्टचा टीडीएस १६९०. बादली पुन्हा ओसंडायला लागली. सौ. खूश, मी हिशोबाने खूश आणि मनाने जरा खट्टू.

नळीची वाट बदलली. आता ती ट्रॅपवरून न जाता ओट्याच्या कडप्प्याच्या अगदी खालून, प्लायच्या कडेकडेने जाते. कोपऱ्यात नळी वाकवली नाही, एल्बो (काटकोनी जोड) लावला. नळी वाकवून वळवली की उन्हाळ्यात मऊ होऊन ती हळूहळू दबते. डबा दुसऱ्या ट्रॉलीत गेला. नळी दिसेल तिथे पीव्हीसीच्या केसिंगमध्ये घातली, कारण आमच्या वाड्याशेजारचे उंदीर या नळ्या मोठ्या आवडीने कुरतडतात.

नव्याने सिंकखाली बसवत असाल तर

वेस्टची नळी सिंकच्याच पाइपला भोक पाडून क्लॅम्पने जोडायची पद्धत आहे. दोन मिनिटांचं काम, म्हणून सगळे तेच करतात. मी करू देणार नाही. भाताची शितं, तेल, चहाचा चोथा त्या भोकाच्या तोंडाशी साचतो आणि माझ्या डब्याने जे केलं तेच तो चोथा करतो, फक्त डोळ्यांना कधीच न दिसता. शिवाय सिंक तुंबलं तर घाण पाणी नळीपर्यंत चढतं. वेस्ट मोरीत किंवा बाहेर उघड्यावर काढा, नळीचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका, दोन बोटं वर ठेवा. म्हणजे धार रोज नजरेसमोर राहते.

यंत्र भिंतीला घट्ट ठोकून बसवलं तर फिल्टर बदलताना मेकॅनिक सिंकखाली पालथा पडून काम करतो आणि निम्मे जोड तिथेच सैल होतात. नळ्या हातभर जास्त ठेवा, यंत्र पुढे ओढून बाहेर आलं पाहिजे. नळी कात्रीने कापू नका, चेपते. ब्लेडने काटकोनात कापा आणि जोडात ठाम दाबून बसवा. कनेक्टरची निळी क्लिप विसरू नका. प्लग खाली ट्रॅपशेजारी नको, वर आणि बाजूला. वायर प्लगकडे जाताना थोडी खाली झोकून मग वर न्या, म्हणजे गळतीचं पाणी वायरीवरून ओघळत प्लगमध्ये शिरणार नाही.

ओट्यावरच्या नळासाठी भोक पाडताना ग्रॅनाइट असेल तर डायमंड बिट, कमी वेग, वरून पाण्याची धार. कडप्पा असेल तर आणखी जपून. त्याचे थर सुटतात, शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला जोर केला की खालून ढपली पडते. खालून लाकडाचा ठोकळा दाबून धरायला एक माणूस बसवा.

उलटं लक्षण असेल तर

औशाकडच्या माझ्या साडूची तक्रार बरोब्बर उलटी होती. धार जोरदार, पाणी मात्र खारं, टीडीएस चढता. त्यांच्याकडे टाकीत टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर) अंदाजाने मूठमूठ पडते. क्लोरीन कार्बन फिल्टरमध्ये अडतो, पण कार्बनची ताकद संपली की तो थेट मेंब्रेनवर जातो आणि त्याचा पातळ पडदा खातो. भोकं मोठी होतात, पाणी भरभर येतं, क्षारांसकट येतं. असा मेंब्रेन धुऊन सुधारत नाही. कार्बन वेळेवर बदलायचा आणि टीसीएल टाकल्याच्या दिवशी आरओ बंद ठेवायचा, एवढंच हातात आहे. नवा मेंब्रेन टाकल्या टाकल्या पाणी खारं आलं तर मात्र क्लोरीनला दोष देऊ नका. मेंब्रेनच्या टोकाची रबरी रिंग दुमडली असेल किंवा तो पूर्ण आत बसला नसेल.

क्षार धरलेला मेंब्रेन लिंबूसत्वाने सुटतो का, असं दुकानात बरेच जण विचारतात. मी करून पाहिलं. लिटरला वीस ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, रात्रभर बुडवून, सकाळी भरपूर पाण्याने धुऊन. लिटरला चौदा मिनिटं लागत होती ती नऊवर आली, दीड महिन्याने पुन्हा चौदा. नवा मेंब्रेन येईपर्यंत ढकलायला ठीक. अ‍ॅसिडच्या भांड्यात ब्लीचिंग किंवा टीसीएल चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू निघतो.

मुळात आरओ लागतो का

हे मी शेवटी विचारलं, खरं तर पहिल्यांदा विचारायला हवं होतं. आमच्याकडे मांजरा धरणाचं नळाचं पाणी येतं तेव्हा माझ्या मीटरवर ३१० दाखवतं. त्याला आरओची गरज नाही. गाळून उकळलं किंवा यूव्हीतून काढलं की झालं. पण वरच्या टाकीत बोअर आणि नळ एकत्र पडत होतं आणि आरओची जोडणी त्याच टाकीवर होती. आता नळाच्या पाण्याला दोनशे लिटरची वेगळी टाकी केलीय आणि स्वयंपाकघराची लाइन तिच्यावर. नळाचं पाणी असेल तोवर ते उकळून माठात, संपलं की कॉक फिरवून बोअर आणि आरओ. वर्षातले काही महिने मेंब्रेनला सुट्टी मिळते. सुट्टीतही आठवड्यातून एक-दोनदा यंत्र पंधरा मिनिटं चालवून ते पाणी सोडून देतो, आत साचून वास मारू नये म्हणून.

एक खबरदारी. हा पेनासारखा मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांतलं काहीही त्याला वेगळं दिसत नाही. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे फ्लोराइडचा जुना त्रास आहे. तिथे टीडीएस कमी आला म्हणून आरओ काढून ठेवला असं करू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देऊन पाणी तपासून घ्या आणि मग ठरवा.

वेस्टच्या बादलीचं काय

वाया जाणारं पाणी वाचवायचं असेल तर ते यंत्राबाहेर, बादलीत वाचवायचं. फरशी, संडास, मोरी, भांड्यांची पहिली विसळणी, गाडी धुणं, यांत आमची बादली रोज संपते. झाडांना मात्र घालू नका. आईने महिनाभर तुळशीला घातलं. पानांच्या कडा करपल्या आणि कुंडीच्या मातीवर पांढरी साय धरली. कूलरमध्येही नको. आधीच घट्ट पाणी, त्यात वाफ होऊन आणखी घट्ट. एका एप्रिलमध्ये वाळ्याचे पडदे पाठीच्या कण्यासारखे कडक झाले.

ट्रॉलीच्या दाराच्या आतल्या बाजूला मी आता पेन्सिलने तक्ता केलाय. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन आकडे: शुद्धला किती वेळ, वेस्टला किती वेळ, शुद्धचा टीडीएस. चौथ्या मेंब्रेनला अकरा महिने झालेत. मध्ये एकदाच धस्स झालं. डिसेंबरच्या सकाळी शुद्ध पाण्याला लिटरमागे ७ मिनिटं १० सेकंद लागली. वेस्टची धार होती तशीच, टीडीएस ६८. नळी पाहिली, डबा पाहिला, टाकीची हवा पाहिली. शेवटी बोट पाण्यात घातलं तेव्हा उलगडा झाला: पाणी गार होतं. एका अंशाने पाणी थंडावलं की मेंब्रेनमधून साधारण तीन टक्के कमी येतं, आणि छापील आकडे २५ अंशांचे असतात. फेब्रुवारीच्या ओळीत पुन्हा ६ मिनिटं १५ सेकंद लिहिलंय.